परीची हजेरी लागली होती

"तुझ्या डोळ्यांनी पाहिलं ना तिला आत येताना?"

उज्वला मला विचारत होती. तिनं माझा दंड धरलेला, नखं रुतलेली, आणि दुसऱ्या हातातला मोबाईल माझ्या नाकाजवळ आणलेला. त्याच्यावर हिंदीत लिहिलेलं, आपकी बेटी सुरक्षित पहुँच गई है, आणि खाली वेळ, नऊ अठरा. आता सव्वाबारा वाजलेले, बालवाडीतली सगळी पोरं घरी गेलेली, सतरंज्या मी झटकत होती, आणि ही बाई पोरगी न्यायला आलेली आणि पोरगी नव्हती.

मी बोलली, "हो. पाहिलं ना."

पाहिलं नव्हतं. सकाळपासून एकदा पण पाहिलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघालं की ते परत कसं घ्यायचं ते मला आजपर्यंत कळलं नाही.

उज्वला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, "मग मनी पोर कोठे शे?" आमच्याकडची अहिराणी ती एरवी बालवाडीत बोलत नाही, सगळ्यांसमोर शुद्ध बोलते. आणि मग ती मागच्या दारातून बघायला लागली, आणि मागच्या दारातून काय दिसतं तर खाडी दिसते. काळं पाणी, काठावर चिंध्यांचे ढीग आणि डुकरं.

मी वैशाली. आठवीपर्यंत शिकलेली, नववीत बसली आणि लग्न झालं. माहेर शिरपूरकडचं, आता सुरतेत डिंडोलीला राहते. आमचे हे लूमच्या खात्यात आहेत, खातं म्हणजे कारखानाच, इथं तसंच बोलतात. मी एका ट्रस्टच्या बालवाडीत काम करते. टीचर नाही मी. टीचर कुसुमताई. मी तेडागर, म्हणजे गुजरातीत तेडणं म्हणजे बोलावून आणणं, तर मी सकाळी गल्ल्यागल्ल्यातून फिरते आणि पोरं गोळा करून आणते. पहिलं पोरगं माझा पदर धरतं, दुसरं त्याचं शर्ट धरतं, तशी आमची आगगाडी. माझी स्वरा पण त्याच बालवाडीत, ती चार वर्षांची, परी पण चार वर्षांची. दोघी एकाच सतरंजीवर बसतात.

बालवाडी म्हणजे दोन खोल्या. वर पत्रा. बाजूची भिंत लूमच्या खात्याची, त्यामुळे दिवसभर खटखट खटखट, आम्हाला एकमेकींशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आणि सवय अशी की घरी पण मी ओरडूनच बोलते, सासू म्हणते भांडतेस काय.

आता हे मोबाईलचं कसं आलं ते सांगते, नाही तर तुम्हाला समजणार नाही मी असं का केलं.

ट्रस्टनं ठरवलं की सगळ्या टीचरनी नवीन पद्धत शिकायची. कतारगामला हॉलमध्ये दोन दिवस शिकवणार होते. कुसुमताईंना बसमध्ये चक्कर येते म्हणून मला सोबत घेतलं, पिशवी धरायला. कुसुमताईंचं वय सत्तावन्न, पोरांना शिकवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, काडेपेटीतून त्या घर बनवतात, गाय बनवतात, रडणारं पोर मांडीवर घेतलं की दोन मिनिटात गप. पण मोबाईल हातात घेतला की अडायच्या. आणि त्यांचं बोट त्या काचेला समजायचंच नाही. इतकी वर्षं खडू धरून बोटाचं टोक असं घासलेलं, कोरडं पडलेलं, की त्या दाबायच्या आणि काही उघडायचं नाही. मग त्या बोट जिभेला लावायच्या. शिकवणारा भावेशसर बोलला, "मासी, पाणी नहीं लगानेका, मोबाईल है, टिकट नहीं है." सगळा हॉल हसला. ताई पण हसल्या. मी मागे पाण्याच्या बाटल्यांजवळ बसलेली, मला दिसलं त्यांची मान लाल झालेली.

दुपारी त्या मला बोलल्या, "वैशाली, तू बघून ठेव गं. माझ्या डोक्यात नाही जात."

मी बघून ठेवलं. मला सोपं वाटलं, खरं सांगते. आमच्या ह्यांच्या मोबाईलवर मी सगळं करते, लाईटचं बिल, रेल्वेचं तिकीट. दोन गोष्टी होत्या. एक मोठा टीव्ही, भिंतीवर लावायचा, त्याला बोट लावलं की चालतो, त्यावर गाणी, रंग, आकडे. दुसरी हजेरी. हजेरी म्हणजे रोज साडेनऊच्या आत प्रत्येक पोराच्या तोंडासमोर मोबाईल धरायचा, मशीन तोंड ओळखतं, नाव हिरवं होतं, आणि लगेच आईला मेसेज जातो की पोर पोहोचलं. भावेशसर बोलला, "माँ काम पे बैठी है, उसको टेन्शन नहीं." सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मी स्वतः आई आहे, मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी मीच लावायला लागली, ताईंच्या नावानं, ताईंच्या पासवर्डनं. त्यात मला गंमत वाटायची. आठवी पास बाई, आणि बाजूच्या दोन बालवाड्यांच्या टीचर मला विचारायला यायच्या, वैशाली हे लाल का झालं, वैशाली हे गोल का फिरतंय. एक तर मला मॅडम बोलली.

पण तुम्ही कधी तीस पोरांच्या तोंडासमोर मोबाईल धरला आहे का? एक डोळे मिटतं, एक जीभ काढतं, एक रडतं, एकाच्या नाकाला शेंबूड म्हणून मशीन ओळखत नाही. आत पत्र्याखाली नेटवर्क येत नाही. मागे टाकीच्या ओट्यावर चढलं की दोन काड्या येतात. एकेक पोर उचलून ओट्यावर न्यायचं. साडेनऊ होऊन जायचे, नावं लाल राहायची, आणि ऑफिसातून फोन, तो ताईंना. "कुसुमबेन, तमारी हाजरी बाकी छे." ताई फोन ठेवायच्या आणि खुर्चीत बसून राहायच्या, बीपीची गोळी पिशवीतून काढायच्या. मला ते बघवायचं नाही.

मग कतारगामला माझ्या बाजूला बसलेली एक उधन्याची बाई होती, तिनं फोनवर सांगितलं, अगं फोटोचा फोटो चालतो. पासपोर्ट फोटो धरला तरी हिरवं होतं. आम्ही सगळ्या तसंच करतो.

घरात लग्नाचा छोटा अल्बम होता, प्लॅस्टिकच्या खिशांचा. त्यातले माझे फोटो बाहेर काढले आणि पोरांचे घातले. मग रोज नऊ वाजता बालवाडी उघडायची, ओट्यावर चढायचं, पान उलटायचं, मोबाईल धरायचा, हिरवं, पान उलटायचं, हिरवं. दहा-बारा मिनिटात सगळे हजर, आणि मग मी पोरं आणायला जायची. आधी हजेरी, मग पोरं. कोणी आलं नाही तर नाही आलं. एकदा हिरवं झालं की लाल करता येत नव्हतं, त्याला ऑफिसला फोन करून सांगावं लागायचं, आणि काय सांगणार? ताईंना माहीत होतं. त्या फक्त विचारायच्या, "झालं का गं?" मी बोलायची, "झालं ताई."

आता तो दिवस.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दोन दिवसांवर होती. आमच्या खान्देशी लोकांची आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, लेकी माहेरी जातात, गल्ल्या रिकाम्या होतात, रोज कुणाच्या ना कुणाच्या दाराला कुलूप दिसतं. त्या दिवशी मी नऊला आली, आतली खोली उघडली, जिथं तो मोठा टीव्ही आहे, चालू करून बघितला तर गोल फिरत बसलेला, म्हणून बंद केला. मग मागे ओट्यावर गेली, अल्बम, हिरवं, हिरवं, हिरवं. परत आली, आतल्या खोलीला कुलूप लावलं, कारण टीव्हीची भलती भीती सगळ्यांना, चोरीला गेला तर काय, खिडकीला पण प्लायवूड ठोकलेलं. किल्ली काळ्या दोऱ्यात माझ्या गळ्यात असते, मंगळसूत्राच्या बाजूला. मग गल्लीत गेली. तीन नंबर गल्लीत परीच्या घराला कुलूप. मला वाटलं गेले गावाला. तिची हजेरी लागलेली आहे हे मला आठवलं, दारासमोर उभं राहून आठवलं, आणि मी मनात बोलली, जाऊ दे.

त्या 'जाऊ दे'ला मी किती वेळा शिव्या दिल्या असतील.

उज्वला सचिनला, म्हणजे सुरतेबाहेरच्या कारखान्यांच्या गावाला, साड्यांच्या खात्यात धागा कापायला जाते, सातला निघते. परीला तिची आजी, म्हणजे उज्वलाची सासू, सांभाळते. त्या दिवशी सासू सकाळच्या बसनं गावाला जाणार होती, आणि उज्वला अर्धा दिवस भरून पोरीला घेऊन दुपारच्या गाडीनं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की परी आज आलीच नाही, आणि मी तिच्या आईला सांगितलंय की आली, मी पाहिलं.

आणि त्याच्यामुळे काय झालं ते नीट ऐका. मी पाहिलं बोलली म्हणून कोणी आजीला फोन केला नाही. कशाला करतील? पोरगी आली होती ना, वैशालीनं पाहिलं, मेसेज पण आहे, म्हणजे इथूनच बाहेर गेली. म्हणून सगळे बाहेर पळाले. खाडीवर पळाले. रुळांकडे पळाले. एकच बाई होती तिथं जिला माहीत होतं की आजीला विचारायला पाहिजे, ती मी, आणि मी स्वराला कडेवर घेऊन उभी होती. घट्ट. स्वरा बोलली, "मम्मी, दुखतंय." मी सोडलं नाही तिला.

कुसुमताई माझ्याजवळ आल्या, कानाला लागून बोलल्या, "आली होती का गं ती?"

मी मान हलवली. नाही.

त्यांचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी विचारलं, "आणि हिरवं?"

मी मोबाईल पदराखाली घेतला.

"सांग उज्वलाला," ताई बोलल्या. मग लगेच बोलल्या, "थांब." मग परत, "सांग." त्यांनाच कळेना. मी बोलली, ताई, मी आजीला फोन करते गुपचूप. दोनदा लावला, आजीचा फोन बंद. बसमध्ये रेंज नसेल. तिसऱ्यांदा लावायला हात उचलत नव्हता, कारण आजीनं फोन घेतला आणि बोलली की मी तर पोरीला पाठवलीच नाही, नाही तर बोलली की ती एकटीच निघाली होती, तर मी काय करणार होती?

खाडीवरून कोणाचा तरी आवाज आला, चप्पल सापडली. उज्वला तशीच अनवाणी पळाली. मी तिथंच दारात बसली. चप्पल परीची नव्हती, मोठ्या बाईची होती, पण ते कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी देवाला बोलली की माझी स्वरा घे, पण परीला काही होऊ देऊ नको. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बोलून झाल्यावर मला माझीच एवढी भीती वाटली की मी स्वराला खाली ठेवली.

बाजूच्या खात्याचा मास्तर, म्हणजे मुकादम, वयस्कर माणूस, बाहेर आला, काय झालं विचारलं. उज्वलाच्या दिराला बोलला, "माणसं पाहिजेत ना शोधायला? थांब." आणि आत जाऊन त्यानं मशिनी बंद करायला लावल्या. कारीगर बाहेर यायला पाहिजेत म्हणून. एकेक लूम थांबला. खटखट कमी झाली, कमी झाली, आणि बंद.

डिंडोलीत मी सहा वर्षं राहते, ती शांतता मी कधी ऐकली नव्हती. कानात शिट्टी वाजल्यासारखी. कावळ्याचा आवाज आला. दूर गाडीचा आला. आणि मग आतून, आमच्या भिंतीच्या आतून, टक. टक. थांबून परत टक.

कुसुमताईंनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

किल्ली माझ्या गळ्यात होती. सगळे खाडीत पोरगी शोधत होते आणि किल्ली माझ्या गळ्यात होती. मला ती कुलपात घालता येईना, ताईंनी माझा हात धरला आणि त्यांनी लावली.

आत भट्टी. टीव्ही ज्या खोक्यात आलेला ते मोठं पुठ्ठ्याचं खोकं कोपऱ्यात होतं, पोरं त्यात घर-घर खेळतात. परी दाराजवळ पडलेली, फ्रॉक घामानं चिकटलेला, ओठ पांढरे, हातात लाकडी ठोकळा. ओरडून ओरडून आवाज गेलेला. तीन तास ती ओरडली असेल, आणि भिंतीच्या अलीकडे मी पोरांकडून गाणं म्हणून घेत होती, मोठ्यानं, लूमच्या वर आवाज गेला पाहिजे म्हणून.

उज्वलानं तिला उचललं, पाणी पाजलं, डोक्यावर ओतलं. परीनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि अगदी बारीक बोलली, "ताई, गाणं लागलंच नाही."

डॉक्टरकडे नेली, सलाईन लावलं, संध्याकाळी घरी आली. तोपर्यंत आजीचा फोन लागला. आजी बोलली, बस चुकेल म्हणून मी वैशालीची वाट न पाहता पोरीला नऊ वाजून गेल्यावर फाटकापर्यंत सोडलं, बोलली, जा माय, ताई मझार शे, म्हणजे आत आहे. मी तेव्हा मागे ओट्यावर. पोरगी आत गेली, टीव्हीची खोली उघडी दिसली, खोक्यात जाऊन बसली. मी येऊन कुलूप लावलं.

म्हणजे नऊ अठराला परी खरंच पोहोचली होती. माझं खोटं खरं निघालं.

दुसऱ्या दिवशी उज्वला आली. मला वाटलं मारेल. मी गाल पुढे करूनच उभी होती. ती आधी बोलली, "आंधळी आहेस का गं, खोकं बघायचं नाही?" आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि बोलली, "मी खाडीत उतरली होती ना, तेव्हा तुझंच बोलणं धरून होती. वैशालीनं पाहिलं म्हणजे पोरगी सकाळी तरी ठीक होती. मेसेज पण खरा होता. नाही तर मी वेडीच झाली असती."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं पण होतं. पण तिच्या पदराचा वास येत होता मला, आणि ती एवढी हलकी झाली होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ट्रस्टचे साहेब आले. त्यांनी पाहिलं, मेसेज नऊ अठरा, पोरगी आतच सापडली. ते खुश. त्यांनी रिपोर्टमध्ये काय लिहिलं तर नवीन हजेरीमुळे पोर बालवाडीतच आहे हे कळलं. मला बोलले, "वैशालीबेन, तमे बहु सरस शीख्या. आता तुम्हीच बाकीच्यांना शिकवायचं." कुसुमताई बाजूला उभ्या, नजर जमिनीवर. साहेब गेल्यावर त्या बोलल्या, "पासवर्ड माझा आहे वैशाली. एवढी वर्षं कोणी मला खोटी बोललं नाही. पुढच्या चैत्रात मी रिटायर होऊन घरी बसणार. तोवर गप्प राहशील का?" एवढी मोठी बाई माझ्याकडे मागत होती. मी बोलली, हो ताई.

मी अल्बम फाडला. तेव्हापासून मी प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावून मोजते, मगच मोबाईल काढते, नाव लाल राहिलं तर राहू दे. टीव्हीच्या खोलीला कुलूप लावायच्या आधी दोनदा आत जाते, कधी अर्ध्या रस्त्यातून परत येते. घरी पण स्वरा झोपली असली तरी कपाट उघडून बघते. आमचे हे बोलतात, तुला काय झालंय? काही नाही, मी बोलते.

पण ते माझ्या एकटीचं झालं. बाकीच्या?

पावसाळ्यात कतारगामला परत तोच हॉल. ह्या वेळी मी पुढे, हातात माईक. पन्नासेक बायका असतील. साहेबांनी उज्वलाला पण बोलावलेलं, परीला मांडीवर घेऊन ती पुढच्या खुर्चीत, तिच्या बाजूला कुसुमताई. मी फोन कसा धरायचा ते दाखवलं, उजेड कसा पाहिजे ते सांगितलं, बोट कोरडं असेल तर ओल्या फडक्याला पुसायचं ते पण सांगितलं, बायका हसल्या. मला चांगलं वाटलं, खोटं नाही बोलत.

मग मागून एक उठली. बारडोलीकडची होती, वीस-बावीस वर्षांची. ऊसतोडीच्या पडावावर बालवाडी चालवते बोलली, आया पहाटेच कोयता घेऊन शेतात जातात आणि पोरं पडावावर एकटी, बाजूला कालवा. तिनं विचारलं, "ताई, पोर आलेलं नसेल आणि तरी हजेरी लागली, असं होतं का कधी? म्हणजे आयांना मी काय सांगू, मेसेज आला की भरवसा ठेवा?"

मी कुसुमताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटलेले. उज्वला माझ्याकडे बघून मान हलवत होती, हो हो, सांग तिला, अशी. साहेब दाराजवळ उभे.

मी बोलली, "नाही होत तसं. भरवसा ठेवायला सांग."

ती खाली बसली आणि तिनं वहीत लिहून घेतलं.

तिचं नाव मी विचारलं नाही. नंबर पण घेतला नाही. चहाच्या वेळी शोधली तर ती निघून गेलेली, तिची बस होती. ऑफिसात विचारावं तर काय म्हणून विचारू? कुसुमताई ह्या चैत्रात घरी बसल्या, त्यांचा सत्कार झाला, नारळ दिला, आता त्यांचं काही वाकडं होणार नाही म्हणून मी हे लिहायला घेतलं. त्यांना विचारून लिहिलं. त्या बोलल्या, लिही. ह्या अंकाच्या मॅडमनी माझ्या तोंडचं जसंच्या तसं ठेवलं. हे छापून आलं की उज्वला वाचेल, तिच्या घरी हा अंक जातो, आणि माझ्या घरापासून तिचं घर दोन गल्ल्या. माझं काम राहील की नाही ते पण माहीत नाही. पण त्या पडावावर दिवाळीनंतर परत कोयता सुरू होईल, आणि तिथल्या आया त्या मोबाईलकडे बघून निवांत ऊस तोडतील, कारण मी सांगितलंय.

तुम्ही बोला आता. तुमच्या हातात माईक आहे, जिचा पासवर्ड वापरला ती म्हातारी समोर डोळे मिटून बसलीय, जिची पोरगी तुम्ही कोंडली ती तुमच्याकडे विश्वासानं बघतेय, आणि मागे एक पोरगी वही उघडून उभी आहे. तुम्ही काय बोलला असता?